तुमची तिथी आणि माझा फोन

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आमच्या ऑफिसात ईमेल बघायला एकच कॉम्प्युटर होता. आता तेलीबांध्याच्या ऑफिसात साहेब लोकांचे मेल, फोन नंबर आणि मीटिंगा त्यांच्या मोबाइलशी जोडून देणं हेच माझं काम आहे. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर वेळ बदलली की खिशातल्या फोनवरही बदलते. कुणाची मीटिंग हुकली की मला बोलावणं येतं, आणि मी ऐटीत विचारतो, टाकताना नीट टाकली होती का?

तुम्ही दर जानेवारीत भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरात आजीच्या श्राद्धाच्या तिथीभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढायचात. मागच्या वर्षीचीच तारीख का नाही, असं मी विचारलं तेव्हा चष्म्यावरून बघत म्हणालात, "तारीख ऑफिसची असते बेटा, तिथी घरची." तुमच्यामागे तुमच्या तिथीचा गोल आई काढत आली. मग तिला मोतीबिंदू झाला, अक्षरं दिसेनात, तेव्हा म्हणाली, "आता तूच फोनमधे टाकून दे." मी फाल्गुन शुद्ध सप्तमीची त्या वर्षीची तारीख टाकली आणि साहेबांच्या वाढदिवसासारखं 'दरवर्षी' दाबून मोकळा झालो.

फोन इमानदारीनं वाजत राहिला. पहिल्या वर्षी दिवस बरोबर होता. पुढची दोन वर्षं आई त्याच तारखेला पहाटे उठून, डबे चाचपत, खीर-वडे करत राहिली आणि मी गच्चीवर कावळ्याला घास ठेवत राहिलो. या महिन्यात तिचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तशी ती भिंतीपाशी गेली. नव्या कॅलेंडरामागे जुनी दोन्ही टांगलेलीच होती. ती एकेक पान उलटून फाल्गुनातली सप्तमी शोधते आहे, दोन्ही वर्षी ती वेगळ्याच तारखेला आहे, आणि मी चहाचा कप घेऊन मागे उभा आहे. रागावली असती तर परवडलं असतं. नुसतं म्हणाली, "दोन साल ते आले असतीन न, अन् उपाशीच वापस गेले असतीन."

मी हे मानत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. साहेबांची हुकलेली मीटिंग मी पुढच्या आठवड्यात लावून देतो. तुमचे ते दोन दिवस कुठे लावू, मला खरंच कळत नाही.

आईला सांगितलं, फोन बिघडला होता. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे, मशीनले काय समजते." हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितोय. बाबा, फोन अगदी ठीक होता.