चौथ्या डिस्कचं गाणं

माय,

माझ्या दुपारच्या झोपेवर घोर अन्याय झालाय आणि त्याची दाद तुझ्याशिवाय कुणाकडे मागावी ते कळत नाही. अकोल्याच्या उन्हात जेवून कूलरसमोर आडवं होणं, एवढंच एक राजवैभव माझ्या वाट्याला आलं होतं. तेही गेलं. कूलर सध्या एका डब्याच्या सेवेत आहे. बायको सकाळपासून ऐकवते आहे, "डब्याले हवा अन् आमी वाफेवर शिजाचं? त्याले आता शरबत बी पाजा!" खरं कारण सांगितलं तर तिच्याही जिवाला घोर लागेल.

डबा म्हणजे संगणकाला जोडलेलं, घरच्या सगळ्या फोटोंचं, गाण्यांचं कोठार. आत चार डिस्क. परवा एक मेली, आणि नेमकी तीच, जिच्यावर तुझा आवाज होता. विहारातल्या त्या पौर्णिमेची कॅसेट मी संगणकात उतरवून घेतली होती. मूळ कॅसेट बुरशीनं कधीच खाल्ली. आता नवी डिस्क घातली आहे आणि मेलेलीचा माल तिच्यावर पुन्हा तयार होतो आहे. कुठून होतो, हे मला समजलं तसं सांगतो. तीन डिस्कवर माल असतो. चौथीवर स्वतःचं काहीच नाही. तिघींच्या प्रत्येक जागी शून्य असतं नाहीतर एक, आणि चौथी त्याच जागी असा आकडा ठेवते की चौघींचे एक मोजले तर सम भरावेत. याला म्हणतात पॅरिटी. कुणीही एक गेली, तर उरलेल्या तिघींकडे पाहून तिच्या जागी काय होतं ते काढता येतं. पण ते काढताना त्या तिघींना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं लागतं. त्या तापतात. मेलेलीच्याच वयाच्या आहेत. त्यातली आणखी एक बसली, तर तुझा आवाज गेला तो गेलाच. म्हणून कूलर.

डब्याच्या माहितीपुस्तकात हे वाचताना अमरावतीचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आलं. पौर्णिमा उद्यावर आली आहे, तू भाकरी थापते आहेस आणि विहाराच्या गायनमंडळातल्या तिन्ही मावश्या भिंतीला टेकून गाणी म्हणत आहेत. प्रत्येकीच्या ओळी ठरलेल्या. तुझी एकही नाही, तुझ्याकडे फक्त झांज. पण जी येणार नाही तिच्या ओळी तू म्हणायचीस, तिच्याच हेलात. मध्येच तुझा हात थांबतो. "थांबा व. काही तरी चुकलं."

"कोन चुकलं?"

"ते मले नाई समजलं. पुन्हा म्हना सगळ्याजनी."

त्यांच्यातली तिवश्याची मावशी उसळते, "तुह्या कानापायी माहा घसा बसून राहिला!" डब्यातही अधूनमधून अशीच तालीम घेतात, तिचं नाव पॅरिटी चेक. बेरीज जुळली नाही एवढं कळतं, कुणामुळे ते नाही. त्या दिवशी मी दारातून विचारलं होतं, "माय, तुहं गाणं कोणतं?" तू म्हणालीस, "जाय, पानी भर." उत्तर आजवर आलेलं नाही.

कॅसेट भरली तेव्हा तिवश्याची मावशी बाळंतपणाला मोर्शीला माहेरी गेली होती, म्हणून तिच्या ओळी तुझ्या वाट्याला आल्या. बाकी कुठल्याच ध्वनिमुद्रणात तू गायलेली नाहीस. ही एक गेली असती तर मी काय दाखवणार होतो, की माझीही आई होती म्हणून?

इथवर लिहून थांबलो होतो. डिस्क भरली, एकही चूक न होता. "झालं का तुमच्या डब्याचं बाळंतपण?" म्हणत बायकोनं कूलर आपल्याकडे वळवला. डब्याचा आता भरवसा वाटेना, म्हणून एक प्रत दुसऱ्या घरी असावी असं ठरवून मी पेन ड्राइव्ह घेऊन तिवश्याला गेलो. मावशी थकली आहे, बरंच विसरते. मोबाईलवर ते गाणं लावून तिच्या कानाशी धरलं. तिचे डोळे चमकले. सुनेला म्हणाली, "आयक व! हे मीच. कशी गात होती मी!"

मावशी, तू तेव्हा मोर्शीला होतीस, हे ओठांवर आलं होतं. चहा प्यालो. पेन ड्राइव्ह सुनेच्या हाती दिला आणि म्हटलं, "मावशीचंच गाणं आहे, जपून ठेव." एका पौर्णिमेपुरता तू तिचा आवाज उसना घेतला होतास, तो परत केला.

हे पत्र मी त्याच डब्यात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठं पाठवू? पण एक सांगायचं राहिलं. परतीच्या एसटीत मोबाईल कानाला लावून मी पुन्हा ऐकलं. माय, मलाही ती मावशीच वाटली. झांज तेवढी ओळखू आली. मग बडनेऱ्यापासून पुढे मी फक्त झांज ऐकत आलो.