सोनाबाईचं पाचवं कडवं

चौल,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

प्रिय रतन,
प्रभूमध्ये सलाम.

इकडे सुपारी उतरवायला सुरुवात झाली. वाल पेरलेत. मांजरीला चार पिल्लं झाली, तीही बरी आहेत. घर शांत आहे. काल तुझ्या गीतपुस्तकाचं प्रकाशन थाटात झालं असेल. फोन न करता लिहिते आहे, कारण पत्राला मध्येच "ताई, जरा थांब" म्हणता येत नाही.

पुस्तक मागच्या सोमवारी पोस्टानं आलं. कागद उत्तम. तुझ्या फोटोला अख्खं पान, प्रस्तावनेला अकरा. आई म्हणाली, "माझ्या आयशीचं गाणं वाच." मी चार कडवी वाचली आणि थांबले, कारण तू ते तिथंच संपवलंयस. खाली छापलंयस, 'कवी अज्ञात'.

अज्ञात! आपल्याकडे भजनाच्या शेवटच्या कडव्यात रचणारा आपलं नाव गुंफतो. तेवढीच त्याची सही. आजीनंही गुंफलं होतं :

सोना म्हणे प्रभू, रिकामी ही पाटी
आणिली शेवटी तुझ्या दारी

याच ओळी म्हणत आईनं तुला झोपवलं, तेव्हा माहीत नव्हतं असं सांगू नकोस. थळच्या त्या कोळणीला चर्चच्या मंडळीनं बाहेर काढलं, का तर रविवारी, विश्रामाच्या पवित्र दिवशी, मासळी विकली. नवरा दर्यात बुडालेला, पदरात तीन पोरं, आणि मासळी काही सोमवारपर्यंत थांबत नाही. गाणं मात्र त्यांनी ठेवून घेतलं, चार कडव्यांपुरतं. मग ती मासळीची पाटी घेऊन चर्चच्या भिंतीबाहेर बसायची. आत चौथं कडवं संपलं की बाहेरून पाचवं एकटी म्हणायची. आतले खिडक्या लावून घेत.

गाणं चौथ्यावरच संपलेलं ऐकून आई म्हणाली, "रतन्यानं माझ्या आयशीला परत भायेर बसवलान."

मी तुला फोन केला. आठवतं ना काय म्हणालास?

"ताई, जागेअभावी काढावं लागलं. आणि ते मासळीचं प्रकरण लोकांना कशाला आठवून द्यायचं? आईला सांग, पुढच्या आवृत्तीत बघू. आता प्रकाशन होईपर्यंत मला फोन करू नकोस. काहीही झालं तरी."

काहीही झालं तरी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पट्टीनं मारायच्या, पण सांगितलेलं शब्दशः पाळायला त्यांनीच शिकवलं.

बुधवारी आईला धाप लागली. गुरुवारी सकाळी ती गेली. शुक्रवारी दफन केलं.

पुन्हा वाचू नकोस. तेच लिहिलंय.

पाद्रीसाहेबांनी विचारलं, "रतनला कळवलंत ना?" मी म्हटलं, "तो आईच्या आईला पुरण्यात गुंतलाय. त्याला सवड नाही."

कबरीशी त्यांच्या हातात पोस्टानं आलेलं तुझंच पुस्तक होतं. चौथं कडवं झालं आणि त्यांनी ते मिटलं. आजीच्या माहेरची वेणूबाई थळहून आली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. ती म्हणाली, "थांबलाव कशाला? आमची सोनाआत्या ऱ्हायली ना!"

आणि तिनंच सुरू केलं. आवाज भसाडा, शब्द एकूण एक बरोबर. ती देवीला नारळ फोडणारी बाई. तिच्या घरानं आजीचं नाव सांभाळलं, आणि आजीच्या नातवानं खोडलं. मग मी म्हटलं, मग सगळ्यांनी. पाद्रीसाहेबांनीसुद्धा, ओठ हलवण्याइतपत.

तू असतास तर तुझ्या आदरापोटी सगळे चौथ्यावरच थांबले असते. म्हणून तू नव्हतास तेच बरं झालं.

आता तू विचारशील, "आईनं शेवटी माझं नाव घेतलं का?"

घेतलं. तुझ्यासाठी एक वाक्य बोलली. लहानसं, पण पुरं. माझ्या कानात बोलली, दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. ते इथं खाली लिहिणार होते.

जागेअभावी काढावं लागलं.

सोनाबाईची नात,
एस्तेर