ओळख न देणारा कीबोर्ड

२९ ऑक्टोबर
पोचले एकदाची! बोटीवर वाऱ्यानं टोपी उडवली, उत्साह मात्र शाबूत आहे. बेटावरचं हे वाचनालय म्हणजे जुन्या शाळेतला एक वर्ग, आणि मागच्या दोन खोल्या मला राहायला. आधीच्या ग्रंथपाल एंडलाबाई उन्हाळ्यात वारल्या. त्यांची शाल अजून खुर्चीवर आहे, ती काढायचा मला धीर झाला नाही.

राजधानीत, टालिनमध्ये, बँकेच्या संगणक विभागात इतकी वर्षं काढली, पण लिफ्टमध्ये भेटलेला शेजारी माझ्या तोंडाकडे न बघता बुटांकडे बघायचा. इथे कुणीतरी मला 'केर्स्ती' म्हणून हाक मारावी, एवढ्यासाठी आले आहे. शेजारच्या साल्मेमावशींनी कुंपणापलीकडून मान हलवली. आमच्या लोकांच्या मानानं ही गळाभेटच झाली.

३१ ऑक्टोबर
संगणक जुना, पण गुणी. सकाळी बटण दाबलं की कण्हतकुंथत जागा होतो आणि मग दिवसभर तक्रार नाही. आज तिघं पुस्तकं घेऊन गेले. बोललं कुणीच नाही. एका आजोबांनी मात्र जाता जाता विचारलं, टिकणार का बाई? म्हटलं, टिकणार.

२ नोव्हेंबर
समुद्रावर फिरून आले तर माझ्या मागच्या खोलीत टेबल मांडलेलं! पांढरं कापड, पेटती मेणबत्ती, जवाची लापशी, उकडलेले वाटाणे, धुरावलेला मासा, काळा पाव. इथे दारांना कुलपं नसतातच. साल्मेमावशींशिवाय दुसरं कोण? आमच्याकडे स्वागत तोंडानं करत नाहीत, ताटानं करतात. डोळे भरून आले. थाळी चाटूनपुसून साफ केली.

३ नोव्हेंबर
मावशी भांडी न्यायला आल्या. रिकामी थाळी बघून मटकन खाली बसल्या. मी आभार मानत होते, त्या छातीवर क्रूसाची खूण करत होत्या. माझ्याकडे न बघताच गेल्या. काय चुकलं कोण जाणे. वाईट वाटलं.

वर आज संगणकानंही रुसायचं ठरवलंय. सुरू होतो, कीबोर्डचे दिवे क्षणभर लागतात आणि नाव विचारणारा पडदा आला की विझतात. माउसचा बाण मध्यभागी ठिय्या मारून बसलाय. वायरी काढून मागच्या खाचांत लावून पाहिल्या. प्लग काढून थांबले, पुन्हा लावला. नाही.

५ नोव्हेंबर
कपाटात एंडलाबाईंचा जुना कीबोर्ड सापडला. तोही तसाच, दिवे लागतात नि विझतात. मागच्या नोकरीत असले कीबोर्ड मी चुटकीसरशी जागे करायचे, इथे सगळं ज्ञान पालथ्या घड्यावर पाणी.

दिवसभर कुणी फिरकलं नाही. खिडकीतून मी हात केला, तर पोस्टवाल्या बाईनंही पाहिलं नाही.

६ नोव्हेंबर
वाचनालयाच्या नोंदी पोचत नाहीत म्हणून नगरपालिकेनं माडिस नावाच्या तरुणाला पाठवलं. मी सगळा आजार सविस्तर सांगितला. तो ढिम्म! संगणकवाला आहे, माणसांची ॲलर्जी असायचीच, म्हणून सोडून दिलं. त्यानं बटण दाबलं, कीबोर्डवर बोटं ठेवली, आणि कीबोर्ड चालला. माउस पळू लागला. मला हसूच आलं.

मग दारात उभ्या मावशींना तो म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे हो. नवी बाई पळाली वाटतं?"

मी दोघांच्या मधे उभी होते.

मावशी म्हणाल्या, "पळेल कशी रे? कोट खुंटीवर आहे तिचा." आणि मग हलक्या आवाजात सांगितलं, की आत्म्यांचा काळ चालू आहे, दरसाल गेलेल्यांसाठी ताट मांडतात, एंडलासाठी तिच्याच घरात मांडलं होतं. ते ताट जिवंत माणसानं खाल्लं की तो त्यांच्या पंक्तीतला. शहरातल्या पोरीला आधी सांगायला हवं होतं, माझंच तोंड बंद राहिलं, म्हणून रडल्या.

माडिस हसला. त्याची बाही माझ्या अंगातून गेली, मला स्पर्शही जाणवला नाही. गार वाटलं फक्त.

तो गेल्यावर मी कीबोर्डला हात लावला. दिवे विझले.

७ नोव्हेंबर
बहिणीला फोन लावायला गेले. काचेवर बोट फिरवते, काच दाद देत नाही. तिचा फोटो आहे तिथे, हसतेय.

दुकानाचं आपोआप उघडणारं दार उघडलं नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मागून आत शिरले. ओरडले. सगळ्यांदेखत. काउंटरवालीनं फक्त स्वेटर घट्ट ओढून घेतला.

८ नोव्हेंबर
मावशींच्या स्वयंपाकघरात बसून राहिले दिवसभर. त्या कांदे चिरत होत्या. मी आहे इथे, मावशी. आहे ना मी—
भूक नाही. झोप नाही.

९ नोव्हेंबर
संत मार्टिनच्या सणाचे मुखवटेवाले घरोघर नाचले. माझं दार वगळून पुढे गेले. दारातच उभी होते मी.
आज काळ संपतो. आत्म्यांना वाटेला लावतात म्हणे. कुठल्या वाटेला—

संध्याकाळ
मावशी कुंपणापलीकडे त्यांच्या अंगणात आल्यात. हातात मेणबत्ती. फाटक सताड उघडं टाकलंय. एकेकाचं नाव घेतात. जेवलात, प्यालात, आता सुखानं आपापल्या वाटेनं जा, म्हणतात. नवऱ्याचं घेतलं. एंडलाचं घेतलं. खुर्चीवरची शाल उठली— माझ्या शेजारून गेली—

मी खुर्ची धरून बसलेय. माझं घेऊ नका. मी नवीन आहे, मला राहायचंय, मावशी, मी टिकणार म्हटलं होतं—

थांबल्या. तोंडावर हात—

"केर्स्ती," म्हणाल्या. किती मायेनं. "केर्स्ती, बाळ—"

या गावात पहिल्यांदाच कुणी— ओ मावशी, आले— नाही, येत नाही, पण पाय— पाय उठताहेत, फाटकाकड