तुमची माणसं वाट बघत आहेत

५ जुलै, शुक्रवार

पोचलो एकदाचे. लोह्याहून नांदेड, तिथून भोकर-हिमायतनगर करत इस्लापूर, आणि शेवटचा तुकडा काळीपिवळीत. माझ्या मांडीवर समीक्षा आणि समीक्षाच्या मांडीवर कुकर. पोरगी एकदाही ओकली नाही, म्हणून उतरल्या उतरल्या तिला कांदाभजी बक्षीस.

घुमरा धबधब्याची पायवाट जिथून सुरू होते, तिथंच तिकीट खिडकीच्या मागं आमची पत्र्याची खोली आहे. खिडकीतून सगळं साग आणि पळसाचं हिरवं दिसतं. त्यातून पायऱ्या खाली खाली जातात, बांबूचा कठडा धरून, थेट कुंडापर्यंत. धबधबा वरून दिसत नाही, फक्त ऐकू येतो. दिवसभर ऐकू येतो. समीक्षा म्हणाली, कुणीतरी मोठा नळ चालू ठेवलाय.

काम माझ्या तोंडचं आहे. लोह्यात रिक्षाच्या भोंग्यातून साड्यांच्या महासेलचं निमंत्रण देणारी ती बाई मीच. इथं पर्यटन समितीनं यंदा पायवाटेभर भोंगे लावलेत आणि मला माइकवर बसवलंय. पाणी वाढलं की लोकांना वर बोलवायचं, कुणी चुकलं की नाव घेऊन हाक मारायची. समितीचे अध्यक्ष निवृत्तीभाऊ म्हणाले, तुमचा आवाज लई खणखणीत हाय. मला माहीत आहे, पण ऐकायला बरं वाटतं.

आमचे हे, आनंदराज, हैदराबादकडं टँकरवर असतात, महिन्यातून एकदा उगवतात. तेव्हा इथं आम्ही दोघीच. समीक्षाचं नाव वाडीच्या शाळेत पहिलीत घातलं. मला आज उगीचच फार आनंद झालाय.

७ जुलै, रविवार

गर्दी म्हणजे गर्दी. दुपारी नांदेडच्या पोरांचा एक घोळका घाबराघुबरा वर आला. त्यांचा विनोद नावाचा दोस्त चुकला होता. मी माइक घेतला आणि म्हटलं, नांदेडहून आलेले विनोद, जिथं असाल तिथून वर या, तुमची माणसं वाट बघत आहेत. थोड्या वेळानं विनोद पेरू खात पायऱ्या चढून आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान लववून त्या टाळ्या घेतल्या.

फक्त सरजाबाई खूश झाली नाही. ती खिडकीसमोर मक्याची कणसं भाजते, म्हातारी आहे, हात सारखा निखाऱ्यात. भोंगे येण्याआधी इथं चुकलेल्यासाठी पितळी ताट बडवायचे. आवाज ऐकून ज्याला त्याला कळायचं, वर जायचं. कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. सरजाबाई मला म्हणाली, "नाव नको घेऊ पोरी. कुंडातला त्यो ऐकून राह्यलाय."

मी म्हटलं, ऐकू दे की, तिकीट थोडीच लागतं त्याला. ती हसली नाही. मला एक कणीस दिलं आणि पैसे घेतले नाहीत, यावरून ती रागावलीय की नाही ते कळेना.

एक गंमत आहे. मी बोलले की दरीतून माझाच आवाज परत येतो, पण लगेच नाही. इतक्या उशिरानं येतो की तोवर मी काय बोलले ते विसरलेली असते.

१० जुलै, बुधवार

आज समीक्षा शाळा सुटल्यावर घरी आलीच नाही. मोहाच्या झाडाखाली मुंगळे बघत बसली होती. मी सरळ माइक चालू केला. समीक्षा, आई वाट बघतेय, लवकर ये बाळा. पोरगी दप्तर उडवत पळत आली. आपलं नाव एवढ्या मोठ्यानं सगळ्या जंगलात गेलं म्हणून हरखून गेली. म्हणते, रोज बोलव.

बोलवीन. त्यात माझं काय जातंय?

१४ जुलै, रविवार

आता शाळा सुटली की भोंग्यावरून हाक, हा आमचा नेम झालाय. कुठंही असली तरी समीक्षा पायांना चाकं लावल्यासारखी येते. शाळेच्या बाई हसतात. पोरगी इतकी शहाण्यासारखी वागेल असं वाटलं नव्हतं.

आज एक विचित्र झालं. मी जेवत होते, माइक बंद होता. दरीतून माझा आवाज आला. नांदेडहून आलेले विनोद, जिथं असाल तिथून खाली या, तुमची माणसं वाट बघत आहेत.

विनोद गेल्या रविवारी आला होता. आणि मी वर या म्हटलं होतं. माझं काम लोकांना वर बोलवायचं, खाली या मी कशाला म्हणेन?

निवृत्तीभाऊंना विचारलं, कुणी रेकॉर्ड करून वाजवतंय का. ते म्हणाले, एवढं डोकं कुणाला हाय हितं. त्यांनी तो आवाज ऐकला होता, पण मीच बोलत असेन असं समजले. जेवण गेलं नाही मला.

२१ जुलै, रविवार

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

विनोद आज पुन्हा आला होता, त्याच पोरांबरोबर. दुपारी लाइट गेलेली. माइक मेलेला, भोंगे मेलेले. मी खिडकीत तिकिटं फाडत होते, निवृत्तीभाऊ समोर बसलेले. तेव्हाच दरीतून माझा आवाज. स्पष्ट, गोड, मी बोलते त्याहून गोड. विनोद, खाली या.

पोरं जेवणाचे डबे आवरून वर यायला निघाली होती. विनोद थांबला. दोस्तांना म्हणाला, बाई बोलावून राहिल्यात. आणि पायऱ्या उतरला. पाण्यात असा गेला म्हणतात, जसं कुणी ओळखीच्या घरात जातं. ओरडला नाही, हात हलवले नाहीत. अजून सापडलेला नाही.

पोलीस आले. जमादारांनी मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, पाणी वाढलेलं असताना त्याला खाली का पाठवलंत? सगळ्यांनी ऐकलंय. मी म्हटलं, लाइट नव्हती. ते म्हणाले, आवाज तुमचाच होता ना? होता. माझाच होता. काय सांगू मी? निवृत्तीभाऊ समोर बसलेले होते, त्यांनी माझं तोंड बंद असलेलं बघितलं होतं, पण ते जमिनीकडं बघत राहिले.

विनोदची आई संध्याकाळी आली.  नुसती माझ्या तोंडाकडं बघत होती.

२२ जुलै, सोमवार

सरजाबाई खोलीत येऊन बसली. तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. पाण्याला नुसतं नाव पुरत नाही, नाव घेणारा आवाज लागतो. म्हणून आमच्यात इथं मुकं राहायचं, ताट बडवायचं. ताटाला कुणाचा आवाज नसतो. "तू त्याला तुझा आवाज दिलास. आता त्यो तुझ्या आवाजानं बोलवतोय. कुणाकुणाची नावं घेतलीस?"

मी नावं आठवत बसले. विनोद. हिमायतनगरचे एक आजोबा. एक नवी नवरी, लाजत वर आलेली.

मग समीक्षा. रोज. रोज घेतलं.

२३ जुलै, मंगळवार

निवृत्तीभाऊंना म्हटलं, मी चालले, राजीनामा घ्या. ते म्हणाले, चौकशी होईस्तोवर गाव सोडू नका म्हणून जमादार सांगून गेलेत, तुम्ही गेलात तर माझ्या मानेवर येईल. मी त्यांच्या पाया पडले. मी कुणाच्या पाया पडणारी बाई नाही. त्यांनी पाय मागं घेतले आणि म्हणाले, परवा बघू.

मी पकडीनं भोंग्यांच्या सगळ्या तारा तोडल्या. नुकसानभरपाई मागा म्हणावं. समीक्षाला समजावलं, आता भोंग्यावरून बोलावणार नाही, आपली हाक बंद. ती हिरमुसली. विचारलं, मी काय केलं?

२४ जुलै, बुधवार

शाळा सुटायच्या आधीच मी शाळेच्या दारात जाऊन उभी राहिले. मुलं बाहेर आली. समीक्षा माझ्याकडं येतच होती.

आणि दरीतून — समीक्षा, आई वाट बघतेय, लवकर ये बाळा.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग आवाजाकडं. आणि पळाली. मला सोडून पळाली. सहा वर्षांची पोरगी इतकी जोरात पळते? मी ओरडले, समी थांब, ती मी नाही, थांब. धबधब्याच्या गाजेत माझं ओरडणं मलाच ऐकू येईना आणि तो आवाज मात्र शांत, जवळ. पायऱ्यांच्या मध्यावर तिची वेणी हाताला लागली. वेणीला धरून ओढलं तिला. ती रडत म्हणाली, "तूच तर बोलावलंस."

घसा फाटलाय. रक्ताची चव येते.

२५ जुलै, गुरुवार

पाऊस थांबत नाही. नाल्यावरचा पूल पाण्याखाली गेलाय. गाडी येत नाही, माणूस जात नाही. मोबाइलला रेंज फक्त पुलापलीकडच्या चढावर. आनंदराजना एक शब्द कळवता आला नाही.

समीक्षाच्या कानात कापूस घातला, वरून रुमाल बांधला. सरजाबाईनं ताट आणून बडवलं, हात दुखेपर्यंत. समीक्षा ताटाकडं बघायलाही तयार नाही. तिचं सगळं लक्ष खिडकीकडं. ताटाला कुणाचा आवाज नाही म्हणून ते चालत नाही. तिला आईचा आवाज पाहिजे.

आणि माझा गेलाय. सकाळपासून घोगरं काहीतरी निघत होतं. आता तेही नाही. नुसती हवा.

२६ जुलै, शुक्रवार

सरजाबाईला तिचा मुलगा घेऊन गेला, त्यांच्या घरात पाणी शिरलं म्हणून. दोघीच आहोत. दाराला कडी, कडीला दोरी. माझ्या पदराची गाठ तिच्या कमरेला.

तो आता नुसतं बोलवत नाही. गप्पा मारतोय. समी, तुझी कुकरची शिट्टी मी वाजवते बघ. समी, ओकली नाहीस म्हणून भजी. हे मी माइकवर कधी बोललेले नाही. हे खोलीतलं आहे. पत्र्याला कान लावून ऐकत होता तो सगळं —

समीक्षा म्हणते, आई बोल ना. मी तोंड हलवते. काहीच येत नाही. ती माझ्याकडं बघते आणि मागं सरकते. माझं पोर मला भितं. बाहेरची बोलतेय, हसतेय, तिचे लाड करतेय, आणि आत एक मुकी बाई तिला बांधून बसलीय. तिनं काय समजावं? मी तिच्या जागी असते तर मीही —

ताप आहे मला. झोप येता कामा नये.

२७ जुलै, शनिवार

डोळा लागला. जाग आली तर गाठ सैल, आणि समी कडीची दोरी दातांनी कुरतडत होती. ओढली. ती चावली. हातातून रक्त.

मी तिला मारलं. पहिल्यांदा. बाहेरून लगेच — मारलं का गं माझ्या बाळाला? ये, माझ्याकडं ये.

देवा, हिला वाचव, मला ने. तुला आवाज पाहिजे होता, घेतलास. मला ने ना —

दुपार

बोलता येत नाही तर लिहून सांगते. तिला अक्षरं नुकती यायला लागलीत. शाळेत आई, घर, बस, बघ एवढं झालंय. मोठ्या अक्षरात लिहिलं इथं, तिला दाखवायला —

समी बघ

बस

घर

मी आई

ती बघत नाही. पुन्हा —

मी आई

मी आई

मी आई

हनुवटी धरून वहीकडं वळवली. आता बघतेय. बोट ठेवलंय. कापूस कधीच काढून टाकलाय तिनं. बाहेर तो एकदम गप्प झालाय. तोही थांबलाय, ती काय वाचते ते ऐकायला.

आ, म्हणाली. मग ई. माझ्या पोरीनं वाचलं, बोट ठेवून वाचलं. मी मान हलवतेय, हो हो हो, छातीवर हात ठेवून दाखवतेय, मी, मी —

तिनं पुन्हा वाचलं, आई. मोठ्यानं. आणि मान वळवून दाराकडं —

बाहेरून ओ आली. माझ्या आवाजात. ती हसली —

पदर रिकामा —

कडी —

समी न