वाघळूचा वाघ झाला, त्याबद्दल

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, सकाळ

तीर्थरूप वच्छलाआत्यांना सुदर्शनचा वाकून नमस्कार. (आधी 'साष्टांग' लिहिणार होतो, पण मी स्टुलावर बसलो आहे आणि माझी पुष्कळशी अंगे जमिनीपासून लांब आहेत. जे घडले नाही ते लिहू नये, हे तुम्हीच शिकवले आहे.) गुडघे कसे आहेत? शेवग्याला शेंगा लागल्या का? पुस्तकाचा सातवा भाग कधी, असे विचारत पोरे अजून दार वाजवतात का? वाजवत असतील तर त्यांना बिस्किटे देऊ नयेत, नाहीतर सातवा भाग आला तरी ती विचारत राहतील. इकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य पत्राला शोभा म्हणून लिहिले आहे, तरी पुढे वाचावे.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरे करू देत नाही आणि हे वाक्य लांब आहे. शिवाय विषय लेखी असला की तुम्ही रागावण्याआधी लाल पेन शोधता, तेवढा वेळ मला मिळतो.

विषय क्रमाने मांडतो. तुमच्या 'बारवेखालचे राज्य'च्या सहाही भागांवर सिनेमे काढायचे म्हणून दिग्दर्शक विश्वजित सर मुंबईहून पाचोडला आले, तेव्हा तुम्ही त्यांना चहा देऊन एकच अट घातली होती. तुम्ही म्हणाला होता, "येसूला शहरात न्या, राणीला गाणं द्या, बारवेचा समुद्र करा, मी बघणार नाही. पण माझ्या वाघळूला हात लावायचा नाही." ती अट करारात मीच लिहिली : 'वाघळू या पात्रात व त्याच्या नावात कोणताही बदल केला जाणार नाही.' त्या वाक्यावर खूश होऊनच सरांनी मला संहिता तपासायला ठेवून घेतले. (डीटीपीच्या दुकानात मला 'ए मुला' म्हणत, इथे 'सुदर्शनजी' म्हणतात. पहिले दोन दिवस मी मागे वळून बघत होतो.) संहितेत वाघळू जिथे जिथे आला, तिथे शेवटचा ऊ दीर्घ आहे ना, हे मी बोट ठेवून पाहिले. सगळीकडे दीर्घ आहे. कुठेही चूक नाही.

परवा चिकलठाण्याच्या गोदामात मुंबईहून मोठे खोके आले. वर लिहिले होते, 'वाघळू, काळजीपूर्वक उतरवणे'. मी स्वतः हात लावून उतरवले. निर्मात्यांनी, म्हणजे देवगाव रंगारीच्या आप्पासाहेबांनी, खोक्याला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि दोरी कापली. आतून वाघ निघाला.

आत्या, पेन खाली ठेवा. पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा, मिशीवाला, शेपूटवाला, आत माणूस शिरेल एवढा मखमली वाघ. मी खोक्यात अजून काही आहे का म्हणून वाकून पाहिले. तळाशी फक्त भुसा होता.

तुम्ही पुस्तकात वाघळू म्हणजे काय ते कुठेच सांगितलेले नाही, आणि आपल्याकडे ते सांगायला जाणाऱ्यालाच लोक हसतील. पाचोडच्या बारवेत शेकड्याने वाघळे लटकलेली, त्यातल्या एकाचे लाडके नाव वाघळू. पण विश्वजित सरांच्या सोसायटीत त्याला पूर्ण नावाने, वटवाघूळ, म्हणतात. त्यामुळे त्यांनी बाळचे बाळू होते तसे वाघाचे वाघळू धरले, आणि पुस्तकात चित्रे नसल्यामुळे त्यांना कुणी अडवले नाही. उलट, आत्या, त्यांनी तुमची पुस्तके घेतली तीच या वाघासाठी. ते मला हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेले. "सुदर्शनजी, छताला उलटा लटकणारा वाघ! सत्ताच उलटी टांगलीय बाईंनी. आणि तो पेरू खातो! हिंसेचा त्याग! उजेडाला घाबरतो! अहो, केवढी मोठी लेखिका आहे ही, तुम्हाला घरात राहून कळलं नाही." (वाघळू दिवसभर झोपतो, त्याचा अर्थ मी विचारला नाही. त्यांना तोही माहीत असावा.)

मी गप्प बसलो असे समजू नका. त्याच दिवशी मी सरांना स्पष्ट म्हणालो, "सर, वाघळू म्हणजे वटवाघूळ." सर एकदम उभे राहिले. "वाघळू विरुद्ध वटवाघूळ! वा!" दुसऱ्या दिवशी संहितेत एक काळे वटवाघूळ आले, ते खलनायक आहे. मला पान देऊन विचारले की घू ऱ्हस्व की दीर्घ. मी दीर्घ म्हणून सांगितले. काय करणार, दीर्घच आहे.

मग मी आप्पासाहेबांकडे गेलो. ते जीपच्या बॉनेटवर कागद पसरून भजी खात होते. त्यांनी तुमची पुस्तके वाचलेली नाहीत, गोष्ट सरांच्या तोंडून ऐकली आहे. मी विचारले, "आप्पासाहेब, तुमच्या गावाकडे वाघळू म्हणजे काय हो?" त्यांचे तोंड चालायचे थांबले.

"आयला," ते म्हणाले, "व्हय की रे. वाघळं." हातातले भजे त्यांनी परत कागदावर ठेवले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन हे बाईंना म्हाईत हाय का?"

"पुस्तक त्यांनीच लिहिलंय, आप्पासाहेब."

"तसं नाय रे. अजून ध्यानात हाय का, आसं इचारतो."

"पक्कं ध्यानात आहे."

"मग मेलो," ते म्हणाले. "अरे लेका, वाघळं बघाया तिकीट कोन काढंल? आमच्या गोठ्यात फुकट लटकलेत, बघ म्हनलं तरी कोन बघत नाय. म्या वाघ म्हनून पैका लावलाय. ये बात इधरीच रहने दे. तुला भजी पायजे का?"

मी घेतली नाहीत. (एक घेतले.)

करार काढून पुन्हा वाचला. पात्राच्या नावात बदल नाही. पात्र उलटे लटकते, पेरू खाते, सगळे पुस्तकाबरहुकूम. माझ्याच वाक्यातून वाघ सरळ चालत बाहेर येतो आणि एका काना-मात्रेलाही धक्का लागत नाही.

तर आत्या, शनिवारी इकडच्याच एका बारवेवर मुहूर्त आहे आणि तुमच्या हस्ते वाघावरचे कापड काढायचे ठरले आहे. माझी कळकळीची विनंती की तुम्ही येऊ नये. बारवेला पायऱ्या फार आहेत, तुमचे गुडघे, हे ऊन, आणि एसटीत जागा मिळत नाही. खरे कारणही लिहितो. तुम्ही खरे बोलाल. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणे बोलत असताना त्यांच्या पाठीमागच्या फलकावरचा 'आशिर्वाद' तुम्ही खुर्चीवर चढून खडूने दीर्घ केला होता. तुम्ही कापड ओढाल, वाघ पाहाल आणि सगळ्यांसमोर म्हणाल, "हा कोण?" मग आप्पासाहेब हात काढून घेतील, सर मुंबईला जातील, आणि पडद्यावर 'शुद्धलेखन : सुदर्शन' अशी जी ओळ येणार आहे ती येणार नाही. गावात अजून मला 'बारावीला बसलेला' म्हणतात. (बसलेलाच म्हणतात, पुढचे कुणी बोलत नाही.) ती ओळ त्यांना दाखवायची होती.

पण तुम्ही आला नाहीत तर वाघळू कायमचा वाघ होईल, हेही मला कळते. लहानपणी घराच्या वाशाला वाघूळ दिसले की बाकीची पोरे ओरडायची आणि मी त्याला पेरू दाखवायचो, ते तुमच्या पुस्तकामुळे. तेव्हा काय करावे ते मला कळत नाही, म्हणून गुडघ्यांवर भर दिला आहे. तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
सुदर्शन

ता. क. वरचे सगळे रद्द समजावे. नवे पत्र लिहिणार होतो, पण इतक्या लांब पत्रात एकही खाडाखोड नाही, ते फाडवेना. शनिवारी पहिल्या एसटीने या. गुडघे दुखले तर मी खांद्यावर घेतो.

झाले असे. आज दुपारी वाघ लटकवून पाहिला. आत पुंजाराम होता. (हा आमच्या मुकुंदवाडीच्या व्यायामशाळेत मल्लखांब शिकवतो. उलटे लटकून तो पेपर वाचू शकतो.) वाघाचे कातडे मुंबईच्या कुणा जाड नटाच्या मापाचे, आणि पुंजाराम म्हणजे नुसती काठी. पाय दोरात अडकवून त्याला वर ओढला, तसे ते सगळे ढगळ कातडे घसरून दोन्ही हातांखाली लोंबले. त्याने हात पसरले तर ते ताणून पंख झाले. हात मिटले तर अंगाभोवती गुंडाळले गेले. गोदामाच्या अंधारात पट्टे दिसेनात, दोन कान तेवढे टोकदार. आणि आतून आवाज आला, तुमच्या पहिल्या भागातला, "आधी हे सांगा, तुम्ही सगळे असे उलटे का लटकलात?"

आत्या, तो वाघळू होता. दिवे लावणारी माणसेसुद्धा हसली, आणि मी का कोण जाणे पण खिशात पेरू आहे का ते चाचपले.

विश्वजित सर मात्र डोके धरून खाली बसले. "अरे, हे तर वटवाघूळ दिसतंय! सत्यानाश!" त्यांनी शिंप्याला बोलावले, सगळे ढगळ कापड आत घेऊन घट्ट टाके घालायला सांगितले. शिंप्याने सुई ओवली. तेव्हा मी बोललो. माझा आवाज फार बारीक आला, पण आला. "बाईंना दाखवल्याशिवाय टाका घालू नका. पात्रात बदल करायचा नाही, असं करारात आहे." आप्पासाहेबांना जोराचा खोकला आला. सरांनी विचार केला. तुमच्यावर त्यांची श्रद्धा आहे. ते म्हणाले, "बरोबर. बाईच ठरवतील. त्या म्हणाल्या हाच माझा वाघ, तर एक टाका घालणार नाही. पण त्यांनाही हे वटवाघूळ वाटलं, तर शनिवारीच शिवून टाकायचं."

ता. क. २ : पहिले संकट मिटण्याआधी दुसरे कळवू नये, पण तिसऱ्या भागातला हरणटोळ हा साप आहे, हे सरांना अजून कुणी सांगितलेले नाही. हरणांच्या टोळीसाठी वनखात्याला अर्ज गेला आहे. अर्ज मी तपासला आहे, शुद्ध आहे.

ता. क. ३ : आता मूळ मुद्दा. शनिवारी कापड ओढल्यावर सर तुम्हाला सगळ्यांसमोर विचारतील, "बाई, हा कोण?" तुम्ही जन्मात अर्धवट शब्द उच्चारलेला नाही, हे मला माहीत आहे. पण पूर्ण शब्द म्हणालात तर जमलेल्यांपैकी कुणीतरी सरांना त्याचा अर्थ सांगेल आणि शिंपी सुई काढेल, तेव्हा या एका वेळी उच्चारा. मोठ्याने फक्त 'वाघ' म्हणा. 'ळू' मनातल्या मनात म्हणा.