मुशीच्या पोटातली पिल्लं

नाशिक, बुधवार

सोमवारी सकाळी पूजा उरकून मासळीबाजारात गेलो, जन्मात पहिल्यांदा. सून डहाणूची. नात बारा दिवसांची, तिला आईचं दूध पुरत नाही. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "दादा, आमच्याकडे बाळंतिणीला मुशीचं कालवण देतात. दूध उतरतं."

कोळीण माझ्या गळ्यातली तुळशीची माळ बघून हसली. "काका, घाबरता काय? शार्कच्या जातीची असली तरी बर्फातली हाय, चावायची नाय." तिने मुशीचं पोट चिरलं. आत चार पिल्लं, वीतभर, नाळेसकट. "ही अंडी नाय घालत. आपल्या बायांसारखी बाळंत होते."

मी रिकाम्या हातांनी परतलो. घरी सांगितलं, मिळाली नाही. खोटं बोललो.

ती तर आधीच मेलेली होती, मग मी न घेतल्याने कोण वाचलं? आणि घेतली असती तर? देवापुढे बसलो, तरी ती नाळच दिसत राहिली. इकडे नातीचा रडून रडून आवाज बसला.

आज पुन्हा गेलो. पिल्लांची नको, असं कोळणीला सांगणार होतो, पण सांगायचाच धीर झाला नाही. ती कापत असताना पाठ फिरवून उभा राहिलो. घरी येऊन अंगणात चूल मांडली आणि मीच कालवण शिजवलं.