बाबांची शतपावली

नावन, मंगळवार, १० जून

आज बाबा जेवून शतपावलीला गेले आणि शेजारणीच्या गाडीतून परत आले.

आमच्या इस्टेटीतला, म्हणजे घरांच्या वसाहतीतला, फुटपाथ शेवटच्या घराशी संपतो. पुढे नुसता रस्ता आणि सुसाट गाड्या. नदीकाठी चालायची छान वाट आहे, पण तिथवर जायला गाडीच लागते. म्हणून बाबा त्या शेवटच्या घरापासून मागे वळतात. पाच फेऱ्या. तिसऱ्या फेरीला शेजारणीला वाटलं, आजोबा वाट चुकलेत. तिने गाडीचं दार उघडलं, आणि बाबा बसले! म्हणाले, "एवढं प्रेमाने बोलावलं तिने, नाही कसं म्हणायचं?"

मला हसू आलं, मग राग. कोणाचा, तेच कळेना. तिचा तर नाहीच.

इकडे परदेशात माझ्याकडे यायचं म्हणून त्यांनी खास नवे बूट घेतले होते. पुण्यात रोज पहाटे टेकडी चढतात. लहानपणी मीही त्यांच्यामागे धापा टाकत चढायचे. ती धाप आज फार आठवतेय. इथे तीन आठवडे झाले, त्यांच्या बुटांचे सोल अजून पांढरे.

मघाशी तेच बूट काढताना त्यांनी सहज विचारलं, "तू कुठे फिरतेस गं रोज?"

"वेळ कुठे असतो, बाबा," म्हटलं.

मग जिन्याखालचं कपाट उघडलं. सहा वर्षांपूर्वी येताना मीही बूट आणले होते. खोक्यातच होते. सोल पांढरेशुभ्र.